आठ खाटांची रेल्वे

५ डिसेंबर १९५५, सोमवार

ही वही इस्पितळाच्या स्टोअरची नाही, माझी स्वतःची आहे, हे आधी लिहून ठेवतो. उद्या कुणी विचारायला नको. मी रमाकांत पेडणेकर, वय त्रेचाळीस, राहणार काळाचौकी, परळच्या एका धर्मादाय इस्पितळात स्टोअरकीपर. चादरी, कांबळी, बँडेज आणि फिनेल माझ्या ताब्यात असतं. अशा माणसाने रोजनिशी का लिहावी, तर त्याला कारण आज सकाळी एका लाकडी पेटीतून आलं.

गिरणीतले एक साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाले. जाताना त्यांच्या मॅडमनी आपल्या मुलाची खेळण्यातली आगगाडी आमच्या मुलांच्या वॉर्डाला देऊन टाकली. गाडी किल्लीची आहे. हिरवं इंजिन, तीन उतारूंचे डबे, एक मालडबा. रूळ सरळ सोळा, वाकडे चोवीस. गाडीला रूळ बदलायला सांधा एकही नाही. दोनदा मोजले.

वॉर्डाच्या सिस्टर कौसल्याबाई स्वतः खाली स्टोअरला आल्या. एरवी त्या चिठ्ठी पाठवतात. म्हणाल्या, "पेडणेकर, मला हा पसारा नकोच आहे. पण आलाय तर नीट लावा. तुम्ही नकाशे काढायचात ना पूर्वी?"

मी रेल्वेच्या ड्राफ्ट्समनच्या परीक्षेला दोनदा बसलो होतो, हे मी इस्पितळात कुणाला सांगितलेलं नाही. दोन्ही वेळा रेल्वेने मला घेतलं नाही, हे तर घरीही फारसं बोलत नाही. सिस्टरना कसं कळलं कोण जाणे.

वॉर्ड वरच्या मजल्यावर. आठ खाटा, चार एका भिंतीला, चार समोरच्या. सगळी हाडांची दुखणी. कुणाची पाठ प्लॅस्टरमध्ये, कुणाचा खुबा. महिनोन्‌महिने उताणं निजायचं, कूस बदलायची नाही, मान उचलायची नाही. अशा मुलांना करमणूक हवीच. मी काम पत्करलं.

९ डिसेंबर, शुक्रवार

वॉर्डाची जमीन मोजली. बावीस फूट लांब, अठरा रुंद. खाटांचे पाय बत्तीस. दोन खाटांमधलं अंतर सगळीकडे सारखं नाही, याबद्दल सिस्टरना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मुलं सारखी नाहीत, खाटा कशा असतील?" हे काही उत्तर नव्हे.

नकाशा क्रमांक एक रात्रीच्या जेवणाआधी पुरा केला. गाडी तीन नंबरच्या खाटेखालून निघते, मधल्या वाटेने जाते, सहा नंबरच्या खाटेखाली वळते आणि परत येते. तीन नंबरखाली बोगदा.

बकुळा (माझी पत्नी) पोळपाटावरून डोकावून म्हणाली, "गाडी खंय पोचली?" मी म्हटलं, अजून निघायची आहे. ती म्हणाली, "मगे जेवून घेवा. वाटेत काय मिळाचा नाय."

१४ डिसेंबर, बुधवार

नकाशा एक आणि दोन सिस्टरनी नापास केले. त्यांचं म्हणणं, रोज दोनदा जमीन पुसली जाते, औषधांची ढकलगाडी फिरते, आणि बेडपॅन घेऊन आया धावत असते. "तुमची गाडी आणि बेडपॅन यांची टक्कर झाली तर चौकशी कुणाची करायची, पेडणेकर?"

नकाशा तीन मुलांना दाखवला. प्रत्येकाच्या तोंडावर कागद आडवा धरून समजावून सांगत गेलो. चार नंबरला शेवंती म्हणून नऊ वर्षांची मुलगी आहे. कॉटन ग्रीनच्या वखारींत कापसाच्या गासड्या वाहणाऱ्या भिवाची लेक. कण्याचा क्षय. गेल्या मे महिन्यापासून अशीच उताणी. तिने सगळा नकाशा ऐकून घेतला आणि विचारलं, "काका, गाडीचा आवाज कसा यील?"

मी म्हटलं, आवाजाचं राहू दे, ही बघ, इथे पूल आहे.

"पुलावरनं जाताना येगळा यील न्हवं?"

मुलगी हुशार आहे, पण तिचं सगळं लक्ष आवाजात. नकाशाची समज नाही. सात नंबरचा कुशाबा सहा वर्षांचा आहे, नाव आजोबाचं मिळालेलं. त्याने तर नकाशा फार आवडल्याचं सांगितलं. "असाच वर धरून ऱ्हावा," म्हणाला. पाच मिनिटं धरला. हात भरून आला.

२ जानेवारी १९५६, सोमवार

वाईट बातमी. आमचे ट्रस्टीशेठ आज स्टोअरला आले. पेटी पाहिली, इंजिनाला किल्ली दिली, चाकं फिरवून बघितली. मग म्हणाले, मुलांना हिचा उपयोग होत नसेल तर पडून गंजण्यापेक्षा आमच्या नातवाला होईल. सव्वीस तारखेला ते झेंडावंदनाला यायचे आहेत. तोवर गाडी चालू झाली नाही तर पेटी त्यांच्या मोटारीत ठेवायची.

सिस्टरना सांगितलं. त्या शांतपणे थर्मामीटर झटकत होत्या. म्हणाल्या, "मागल्याच महिन्यात त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मी रूळ गंजलेत म्हणून सांगितलं."

"पण रूळ अगदी कोरे आहेत," मी म्हणालो.

"तुम्ही फार प्रामाणिक माणूस आहात, पेडणेकर," त्या म्हणाल्या. ही स्तुती होती असं मी धरून चाललो आहे.

११ जानेवारी, बुधवार

नकाशा सात मंजूर! खाटांचे पाय टाळले, ढकलगाडीला वाट ठेवली. एक दोष राहतो तो गाडीचाच आहे. वाकडे रूळ फार, सरळ फार थोडे. विलायती कारखान्याने हे प्रमाण काय विचाराने ठरवलं कळत नाही. बारा वाकडे रूळ तसेच उरतात. त्यांचा काही उपयोग दिसत नाही.

इस्पितळाचा सुतार दौलत कुबड्या आणि फळ्या बनवतो, त्याला जमिनीवर ठोकायच्या पट्ट्या सांगितल्या. त्याने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. मग विचारलं, "साहेब, ही गाडी बघणार कोण?"

"मुलं. आणखी कोण?"

"बरं," तो म्हणाला. सुतार माणूस, त्याला नकाशा वाचता येत नाही.

१६ जानेवारी, सोमवार

पट्ट्या ठोकायला उद्या सुरुवात. रात्री रेडिओवर पंतप्रधानांचं भाषण झालं. मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे जाणार. चाळीतले सगळे खाली उतरले आहेत. बकुळा म्हणते, उद्या जाऊ नका. पण उद्या कापडाचे गठ्ठे यायचे आहेत, आणि पट्ट्या.

१७ जानेवारी, मंगळवार

सकाळी कसाबसा पोचलो. पोचलो ते आता परत जाता येत नाही. लालबागेत, परळला गोळीबार झाला. संचारबंदी पुकारली आहे.

सकाळी अकरापासून माणसं यायला लागली. हातगाड्यांवरून, दारांच्या फळ्यांवरून. खालचा पुरुषांचा वॉर्ड तासाभरात भरला, मग व्हरांडा, मग माझं स्टोअर. मी चाव्या दौलतकडे दिल्या आणि कांबळी वर-खाली नेत राहिलो. एकाही कांबळ्याची नोंद केली नाही. नोकरीत पहिल्यांदा.

चारच्या सुमाराला दहा कांबळी एकदम उचलली आणि पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. जिन्यातच बसलो. लाज वाटते लिहायला. माणसं गोळ्या लागून येत होती आणि मी कांबळ्याने पडलो.

१८ जानेवारी, बुधवार

डॉक्टरांनी मला फळीवर उताणं निजायला सांगितलं आहे. सहा दिवस हलायचं नाही, मान वर करायची नाही. कुठे जागा नव्हती. मुलांच्या वॉर्डातली आठ नंबरची खाट परवा रिकामी झाली होती, तिच्यावर टाकलं. खाट लहान. माझे पाय घोट्यापासून पुढे बाहेर आहेत. आया येताजाता त्यांना धडकते आणि "माफ करा हां साहेब" म्हणते.

वही छातीवर धरून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं.

सकाळी आठ ते दुपारी तीनपर्यंत मी काय पाहिलं ते लिहितो. छत. पाच तुळया. दोन पंखे. डाव्या पंख्याजवळ ओल आलेली आहे, तिचा आकार बदकासारखा. समोरच्या भिंतीचा वरचा अर्धा भाग. खिडकीचं वरचं तावदान आणि त्यातून आभाळ. कुणी वाकून बोललं तर त्याचा चेहरा, बहुतेक हनुवटी.

जमीन दिसत नाही. जमिनीचा एक इंच दिसत नाही.

तीन वाजता हे माझ्या ध्यानात आलं. दीड महिना, सात नकाशे. बोगदा, पूल, खाटांचे बत्तीस पाय. मी मोठ्याने "अरे देवा" म्हणालो असेन, कारण चार नंबरवरून शेवंतीने विचारलं, "काय झालं काका? लई दुखतंय?"

मी म्हटलं, "शेवंते, तुला जमीन दिसते का गं?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

"मग मी नकाशे दाखवत होतो तेव्हा सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तुमी लई खुशीत हुता."

सगळी मुलं हसली. कुशाबा तर खोकेपर्यंत हसला. त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी आपसात ठरवलं होतं की काकांना वाईट वाटायला नको, गाडी आपण ऐकू.

सिस्टर पलीकडे बँडेज गुंडाळत होत्या. त्यांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, "मला वाटलं सातव्या नकाशापर्यंत येईल तुमच्या लक्षात."

१९ जानेवारी, गुरुवार

आज मला एक उत्तम कल्पना सुचली. सविस्तर लिहून ठेवतो.

सकाळी शेवंतीला विचारलं, गाडी कुठून जावी असं तुला वाटतं? ती म्हणाली, "वरनं. मधनं वरनं. म्हंजी ह्या बाजूला बी दिसंल आन त्या बाजूला बी." मी तिला समजावलं की रूळ हवेत राहत नाहीत. ती म्हणाली, पाळणा राहतो. मी म्हटलं, शिवाय रूळ सरळ कमी आहेत, वाकडेच फार. ती म्हणाली, "मग वाकडीच जाऊ द्या की. वाकडी गेली की एकदा हिकडं यील, एकदा तिकडं जाईल. समद्यांच्या जवळ यील."

यावर विचार करता करता मला एकदम सुचलं की गाडी वॉर्डाच्या मधोमध तुळयांना पाळण्यासारखी टांगावी, आणि उरलेले बारा वाकडे रूळ उलटसुलट जोडून मार्ग नागमोडी करावा, म्हणजे तो एकेका खाटेकडे झुकत जाईल. हिशेब केला. दोन्ही टोकांच्या वळणांना सहा-सहा, दोन्ही बाजूंच्या लाटांना सहा-सहा. चोवीस! एकही रूळ उरत नाही.

दौलतला बोलावून माझी कल्पना सांगितली. तो शेवंतीकडे बघून हसत का होता कळलं नाही. मग त्याने एक मुद्दा काढला. फळीवर रूळ ठेवले तर खालून फळीचं बूडच दिसेल. फळी नको, दोन बारीक पट्ट्या हव्यात, मधे मोकळं. म्हणजे खालून चाकं फिरताना दिसतील. बरोबर आहे. मीही तेच सांगणार होतो.

नकाशा आठ.

२० जानेवारी, शुक्रवार

आजचं लिहिणं जड जातं आहे.

सकाळी सिस्टर माझी उशी नीट करायला वाकल्या आणि कानाजवळ हळूच म्हणाल्या, "शेवंतीचा बाप खाली आहे. मंगळवारी आणलाय. मांडीत गोळी, हाड मोडलंय. जिवाला धोका नाही. पोरीला सांगू नका, उठायचा प्रयत्न करील."

मी मान डोलावणार होतो, पण मान हलवायची नाही. म्हणून डोळे मिटून उघडले.

दुपारी सगळी मुलं झोपली होती. शेवंती जागी. म्हणाली, "काका, आपल्या खाली काय हाय?"

"खाली?" मी म्हटलं. "खाली माझं स्टोअर आहे. चादरी असतात."



"स्टोअर खोकतं व्हय?"

मग मलाही ऐकू आलं. उघड्या खिडकीतून, खालून. तीन लहान खोकले आणि एक लांब. कापसाच्या गासड्या वाहणारे तसे खोकतात.

"माझा आप्पा तसाच खोकतो," ती म्हणाली. "कालपास्नं ऐकतीय मी."

मी सिस्टरना हाक मारली. सिस्टर आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिच्या खाटेवर बसल्या. सगळं खरं सांगितलं. शेवंती रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्याला बी उताणंच निजवलंय?"

"हो."

"मग त्याला सांगा, पंख्याकडं बघायचं न्हाई, चक्कर येती. तुळया मोजायच्या."

सिस्टर निरोप घेऊन खाली गेल्या. परत आल्या ते तिला सांगायला, की आप्पाने तुळया मोजल्या, खाली सहा आहेत. शेवंती म्हणाली, "आमच्यात पाच. वरच्या मजल्याला कमी लागत्यात." नंतर मात्र तिने तोंडावर चादर ओढून घेतली. मी खिडकीकडे बघत राहिलो. मला दुसरीकडे बघता येत होतं कुठे.

२३ जानेवारी, सोमवार

संचारबंदी सैल झाली. बकुळा काळाचौकीहून चालत आली, हातात पेज आणि लोणच्याची बाटली. सहा दिवस तिला एवढंच ठाऊक होतं, की नवरा परळला गेला तो आला नाही. वॉर्डाच्या दारात उभी राहिली आणि मला त्या लहान खाटेवर, पाय बाहेर काढून, सात मुलांच्या मधे निजलेला पाहिला.

म्हणाली, "पास झालात वाटतं. वरच्या वर्गात घेतलान." आणि पदराने डोळे पुसले. एवढं अंतर चालून आल्यामुळे घाम आला असावा.

पाठ बरी आहे. उद्या उठायचं.

२५ जानेवारी, बुधवार

नकाशा आठ भिवाला दाखवायला खाली नेला. शेवंतीचा हट्ट. भिवा किडकिडीत, मिशाळ, पाय प्लॅस्टरमध्ये वजनं लावून टांगलेला. त्याला लिहितावाचता येत नाही पण नकाशा बघताक्षणी कळला. चार नंबरसमोरच्या वळणावर अंगठा टेकवून म्हणाला, "हितं थांबली पायजे."

मी सांगितलं, किल्ली संपेल तिथे थांबेल, आपल्या हातात नाही.

"मग किल्ली जरा बघून द्या की, सायेब."

भिवाने शेजारच्या खाटेवाल्याला सांगितलं होतं की आपण मोर्चाच्या अगदी पुढे होतो. वर येऊन शेवंतीला मी कौतुकाने हे सांगितलं. ती म्हणाली, "मिठाला गेला हुता. आय सांगत हुती. पुडी बी सांडली."

२६ जानेवारी, गुरुवार

ट्रस्टीशेठ आले. झेंडावंदन घाईत उरकलं. जखमींच्या खाटांमधून फिरले, दोन-तिघांशी बोलले, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "ती पेटी?"

मी उत्तर तयार केलं नव्हतं. स्टोअरमध्ये अजून सात जखमी होते. पेटी दौलतच्या कामाच्या खोलीत, कुबड्यांच्या मागे. तोंडातून निघून गेलं, "साहेब, त्या गडबडीत पेटी कुठे गेली ते सापडत नाही."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. सतरा वर्षांत माझ्या स्टोअरमधून साधी सुई हरवलेली नाही, हे त्यांना ठाऊक आहे. ते काही बोलायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "शोधतायत ते. पाठ धरलीय त्यांची, वाकता येत नाही."

शेठ "बरं, सापडली तर कळवा" म्हणून गेले.

मी दिवसभर अस्वस्थ होतो. संध्याकाळी सिस्टरना म्हटलं, मी खोटं बोललो. त्या म्हणाल्या, "पहिल्या खेपेला बरं जमलं." बकुळाला सांगितलं तर तिने न विचारता तळलेले बोंबील आणखी दोन वाढले.

१२ फेब्रुवारी, रविवार

टांगायचं काम झालं. जमिनीपासून सात फूट, पंख्यांच्या बरंच खाली. दौलतने दोर सोडून लोखंडी सळया वापरल्या. पट्ट्या इतक्या सफाईने वाकवल्या आहेत की कुबड्या करणारा हाच माणूस का, असं वाटावं. शेवंती खालून बघून "डावीकडं खाली झालंय" म्हणे, आणि पाणसळ लावून पाहिलं की खरंच सुताभर खाली निघे. चार वेळा निघालं. दौलतने पाणसळ खिशात घातली आणि तिलाच विचारायला लागला.

सिस्टरची एक अट. वरून काही मुलांच्या अंगावर पडता कामा नये. दोन्ही बाजूंना जाळीचं कापड ताणून हवं, आरपार दिसेल असं. तसं कापड एकच, बँडेजचं. मी सांगितलं, त्यासाठी स्टोअरकीपरची परवानगी लागते, तो फार कडक आहे. सिस्टर पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मला विनोद करता येतो, हे त्यांना ठाऊक नसावं. मलाही नव्हतं.

दुपारी चाचणी. इंजिन तिसऱ्या वळणावर घसरलं आणि जाळीत पडून माशासारखं तडफडलं. मुलांना हे गाडी चालण्यापेक्षा जास्त आवडलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

चालली.

भेटीची वेळ चारची. मुलांचे आईबाप आले होते. भिवाची वजनं परवाच काढली होती, पाय प्लॅस्टरमध्ये. सिस्टरनी डॉक्टरांकडून परवानगी आणली आणि दौलत व दोन वॉर्डबॉय यांनी त्याला स्ट्रेचरवर घालून जिन्याने वर आणलं. आठ नंबरच्या खाटेवर ठेवला. त्याचेही पाय बाहेर.

चार नंबर आणि आठ नंबर तिरक्या समोर येतात. दोघेही उताणे. एकमेकांकडे बघता येईना. बाप म्हणाला, "शेवंते." ती म्हणाली, "आप्पा, खोकू नगं, गाडी सुटतीय."

मी स्टुलावर चढून किल्ली दिली. सोडली. पट्ट्यांच्या मधून चाकं दिसायला लागली. पहिल्या लाटेला इकडे झुकली, दुसरीला तिकडे. सगळे डोळे तिच्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते. आवाजही येत होता, खटखट खटखट, आणि सळईजवळ आली की वेगळा. शेवंती पुटपुटली, "ऐकलं? येगळा आला."

अडीच फेऱ्या झाल्या आणि गाडी कुशाबासमोर थांबली. एकच दंगा. भिवा ओरडला, "आरं जरा पुढं!" शेवंती म्हणाली, "राहू दे आप्पा. आता त्याची पाळी. मग दोनची, मग माझी." तिने पाळ्या आधीच लावून ठेवल्या होत्या. किल्ली कुणाच्या हातात नसते, हे तिला मी किती वेळा सांगितलं आहे.

गंमत म्हणजे उभ्या माणसाला गाडी नीट दिसत नाही. बँडेजचं कापड आणि पट्ट्या आड येतात. सगळे आईबाप माना वाकड्या करत होते. बकुळा सरळ चार नंबरशेजारी जमिनीवर पदर पसरून उताणी निजली. मी म्हटलं, अगं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "तुमचो नकाशो पास झालो. बघू तरी नको?" मग दोन-तीन बायका तिच्या शेजारी निजल्या. सिस्टरनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

१९ मार्च, सोमवार

ट्रस्टीशेठ अचानक वॉर्डात आले. वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सापडली म्हणायची," एवढंच बोलले. मी "होय साहेब" म्हटलं. त्यांनी काठीने टोपी मागे सारली, आणखी एक फेरी बघितली, आणि गेले. पेटीचा विषय काढला नाही. नातवाचा मात्र मला आज दिवसभर विचार येत होता.

१० जून, रविवार

जवळजवळ तीन महिने लिहिण्यासारखं काही झालं नव्हतं. आज शेवंती घरी गेली.

गेल्या महिन्यात तिचं प्लॅस्टर काढून चामड्याचा पट्टा बसवला. तेव्हापासून रोज खाटेशीच थोडं उभं करत होते. वर्षभराने उभं राहायचं म्हणजे पाय ऐकत नाहीत. उंची मात्र निजल्या निजल्या तीन बोटं वाढली होती. आज भिवा तिला न्यायला आला. त्याच्या हातात काठी, तो अजून लंगडतो. वखारीत गासड्या वाहणं बंद, आता दारावर बसून चिठ्ठ्या देतो.

मी मुद्दाम वर गेलो. मनात होतं की ती निघताना एकदा गाडीकडे बघेल. गाडी चालूही करून ठेवली होती. शेवंतीने सगळ्या मुलांच्या खाटांना हात लावला. कुशाबाला सांगितलं, पाळ्या नीट ठेव. सिस्टरच्या कमरेला मिठी मारली. मला वाकून नमस्कार करायला निघाली, पट्ट्यामुळे वाकता येईना, तर हातच जोडले. आणि सरळ खिडकीशी गेली.

तेरा महिने त्या खिडकीतून तिला नुसतं आभाळ दिसत होतं. आता खालचा रस्ता दिसला. नळावरची रांग, केळीवाला, कुणाची तरी शेळी. ती काठ धरून बघत राहिली. वर गाडीची एक फेरी झाली, दुसरी झाली. तिने मान वर केली नाही.

मग बापलेक निघाले. व्हरांड्यात गेल्यावर भिवा म्हणाला, "धर मला नीट." ती म्हणाली, "मी न्हाई, तू मला धरायचंस." "आगं मी लंगडा हाय." "मंग मी कोन हाय?" जिन्याशी पोचेपर्यंत दोघांचं हेच चालू होतं. कोण कुणाला धरून उतरलं ते मला वरून कळलं नाही. हळूहळू उतरत होते, मधेच थांबत होते, हसत होते.

मला थोडं वाईट वाटलं, खरं लिहितो. एवढी मेहनत घेतली, आणि जाताना एकदाही वर बघितलं नाही. सिस्टरना तसं बोललोही. त्या हसल्या, आणि हसता हसताच रुमाल शोधायला लागल्या. घरी बकुळाला सांगितलं, तर तिचंही तेच. आधी हसली, मग चुलीकडे तोंड करून बसली.

काय झालं विचारलं, तर म्हणाली, "काय नाय. तुम्ही हात धुवा."